रकाना सतरा

शस्त्रक्रियागृहाच्या मागच्या जिन्याखाली
आमचं संशोधन केंद्र: तीन टेबलं, एक कपाट
आणि एक फोन, ज्याची वायर
रोज कुणाच्या तरी पायात येते.
इथं कुणाला कापत नाहीत.
कापल्यावर पुढं काय झालं, एवढंच विचारतात.

तिसाव्या दिवशी मी नंबर लावते.
कोल्हापुरातून बोलतेय, दवाखान्यातून, म्हटलं
की पलीकडचा आधी घाबरतो: बिल ऱ्हायलं का काय?
रंगराव खवरे, शिरोलीच्या फौंड्रीत, हर्निया, डावी बाजू,
म्हणतो, टाक्यास्नी काय धाड भरलीया, झ्याक हाय,
आणि त्याच्या मागं लोखंड लोखंडावर पडतं.
मी लिहिते: ताप नाही. पू नाही.
वजन उचललं? विचारायची गरज नव्हती.

हुपरीची मालन मगदूम
पैंजणाला घुंगरू जोडता जोडता उत्तरं देते,
प्रत्येक 'न्हाई'मागं एक बारीक छनक.
दुखतं का? छनक.
दहापैकी किती?
दहापैकी कसं सांगू बाई,
वाकून चूल फुकाय येत न्हाई एवढं.
शमा मुजावर, आमची संख्याशास्त्रज्ञ,
चष्मा कपाळावर सारून म्हणते: चूल म्हणजे सहा.
मग थांबते. तिच्या आईकडंही चूलच होती.
सात कर.

गेल्या चैत्रात आकडे एका बाजूला कलले.
चिघळलेल्या जखमा शमानं वेगळ्या मांडल्या,
वयानं, साखरेनं, वारानं, टेबलानं,
कशानंच जमेना.
मग तिनं विचारलं, केस कधी काढले?

निंबाळकर सर कागद घेऊन बराच वेळ उभे होते.
म्हणजे माझा हात नाही?
नाही सर. आदली रात्र. वस्तरा.
कातडीवर न दिसणारे ओरखडे,
आणि त्यांना रात्रभर मिळालेली सवड.

पांडबा लोहार बावीस वर्षं वॉर्डात केस काढतो.
एक केस दिसला तर मिशी उतरवीन, अशी त्याची पैज,
आणि मिशी अजून शाबूत.
अहवालात त्याचं नाव नाही; शमानं तीनदा तपासलं.
पण वॉर्डात नवं यंत्र आलं, सकाळी वापरायचं,
केस बुडापर्यंत न जाणारं,
तेव्हा त्यानं ते हातात तोललं, म्हणाला,
ह्येनं खुंट ऱ्हातंय की.
राहू द्या मामा, मी म्हटलं.
वस्तरा रुमालात गुंडाळून तो घरी घेऊन गेला.
दिवाळीपर्यंत शंभरात अकराचे चार झाले.
त्या सात जणांना माहीत नाही, की ते ते सात आहेत.
आम्हालाही नाही.

काल कडगावचा नंबर. आतड्याची शस्त्रक्रिया.
बाईनं उचलला.
ते गेलं की. एकविसाव्या दिशी. झोपेतच.
मी खूण केली: मृत्यू, होय.
अर्ज इथं संपतो; पुढचे रकाने आपोआप राखाडी होतात.
ठेवते मावशी, म्हणणार तोच ती म्हणाली,
म्होरलं इचारा की.

म्हणून विचारलं.
ताप? न्हवता.
जेवण? सांजच्याला आमटीभात, दोनदा मागून.
जखम?

भरली हुती, बाई.
टाका न् टाका बसला हुता.
आंघोळ घालताना मी बोट फिरवून बघितलं.
तुमच्या डागदरास्नी सांगा.

राखाडी रकान्यात अक्षर उमटत नाही.
सतरा नंबरचा तेवढा उघडा राहतो: इतर.
तिथं मी तिचं वाक्य तिच्याच बोलीत घातलं.
शमा म्हणाली, याचा आकडा होत नाही गं.
खोडलं मात्र नाही तिनं.

निंबाळकर सर जिना उतरत होते.
मी वायर ओलांडून बाहेर गेले.